मध्यरात्री वाजणारा चोरअलार्म: प्लग काढण्याआधी काय तपासाल?

पावसाळा लागला की तळवली, घणसोली, रबाळे या पट्ट्यातल्या वाचकांकडून एकाच धाटणीचे प्रश्न येतात. घरातला अलार्म मध्यरात्री आपोआप वाजतो. वीज गेली की कीपॅड टीं-टीं करत राहतो. हूटर वाजला, शेजारी जागे झाले, पण घरमालकाच्या मोबाइलवर फोनच आला नाही. तंत्रज्ञ येतो, दोन बटणे दाबतो, व्हिजिटचे पैसे घेऊन जातो आणि आठवड्याने पुन्हा तेच. शेवटी घरातले कुणीतरी वैतागून प्लग काढते आणि तो महिनोन्महिने तसाच राहतो.

हा शेवटचा उपाय कृपा करून करू नका. आपल्याकडे अलार्म आहे या भरवशावर घरचे लोक कडी-कोयंड्याकडेही दुर्लक्ष करतात, आणि यंत्र तर मुके असते. खोटा अलार्म फार क्वचित ‘पॅनेल गेले’ म्हणून वाजतो. बहुतेक वेळा दोष एखाद्या बॅटरीत, दाराच्या एका सेन्सरमध्ये, एका सांध्यात किंवा वापरण्याच्या सवयीत असतो. तो शोधता येतो, आणि निम्मे काम तुम्ही स्वतः करू शकता.

आधी झोन ओळखा

अलार्म वाजला की आवाज बंद करण्याची घाई होते, ते साहजिक आहे. पण कोड दाबल्यावर लगेच पुन्हा आर्म करू नका. बऱ्याच पॅनेलमध्ये पुढच्या वेळी आर्म केले की आधीच्या अलार्मची आठवण पुसली जाते. म्हणून हा क्रम पाळा:

- दार-खिडक्या खरोखर शाबूत आहेत का, ते पाहा. तुम्ही बाहेरून घरी येत असाल आणि कुलूप तुटलेले किंवा दार किलकिले दिसले, तर आत शिरू नका. बाहेर थांबून ११२ ला फोन करा.
- सगळे ठीक असेल तर कीपॅडवर कोणत्या झोनचा दिवा लागला आहे किंवा कोणता क्रमांक दिसतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.
- वहीत तारीख, वेळ, झोन आणि त्या वेळची स्थिती लिहा: पाऊस होता का, वीज नुकतीच आली होती का, पंखा चालू होता का, घरात कोण जागे होते.

अशा चार-पाच नोंदी झाल्या की दोष बहुधा आपोआप कळतो. एकच झोन पुन्हा पुन्हा येत असेल तर बिघाड त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दर वेळी वेगळा झोन येत असेल तर वीजपुरवठा, बॅटरी किंवा अर्थिंगकडे पाहा.

आणि हो, घरात झोपताना पूर्ण ‘अवे’ आर्म करण्याची चूक फार घरांत होते. मग रात्री कुणी पाणी प्यायला उठले की हॉलचा सेन्सर वाजतो. घरात माणसे असताना ‘स्टे’ किंवा ‘होम’ आर्म वापरा. त्यात दारे-खिडक्या पहाऱ्यावर राहतात आणि आतले हालचाल टिपणारे सेन्सर बाजूला राहतात. तुमच्या कीपॅडवर ही सोय कुठे आहे ते माहीत नसेल, तर तंत्रज्ञाला पहिला प्रश्न हाच विचारा.

बॅटरी: सगळ्यात जास्त दोष इथे

पॅनेलच्या पेटीत साधारणपणे १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी असते, बहुधा ७ अँपिअर-अवरची. वीज गेल्यावर सगळा भार तिच्यावर असतो. चांगली बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते. पण पेटी माळ्यावर किंवा पत्र्याच्या शेडखाली लावली असेल, तर उष्णतेने हे आयुष्य बरेच कमी होते. बॅटरीवर तारीख नसेल तर बसवलेल्या दिवसाची तारीख मार्करने लिहून ठेवा.

वीज जाऊन आली की अलार्म वाजतो, ही तक्रार असेल तर संशय आधी बॅटरीवरच घ्या. बॅटरी मेलेली असली की वीज जाताच पॅनेल बंद पडते आणि वीज आल्यावर नव्याने सुरू होते. सेन्सरना स्थिरस्थावर व्हायला वेळ लागतो आणि त्या गडबडीत हूटर वाजतो.

तपासणी अशी करा. आधी पॅनेलचा एमसीबी किंवा प्लग बंद करा, कारण पेटीत २३० व्होल्टची वायर येते. पेटी उघडून बॅटरीच्या बाजू पाहा. त्या बाहेर फुगलेल्या असतील, तर पुढे काही मोजू नका, बॅटरी बदला. बाजू सपाट असतील तर पेटी बंद करून पॅनेल अर्धा तास फक्त बॅटरीवर चालू द्या आणि मग एकदा हूटर वाजवून पाहा. आवाज पडला, कीपॅडचे दिवे मंदावले किंवा पॅनेलच बंद झाले, तर बॅटरी कामातून गेली. घरात मल्टिमीटर असेल तर वीज चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी दिसत असतील, तर पॅनेलचे चार्जिंगही तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. नाहीतर नवी बॅटरीही वर्षभरात जाईल.

नवी बॅटरी लावताना लाल वायर अधिकवर, काळी उणेवर. उलट लागली तर निदान फ्यूज उडतो, कधी पॅनेलही जाते. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, तिच्यात शिसे आणि आम्ल असते. दुकानदाराला परत द्या. बॅटरीचा मोबदला म्हणून बहुधा थोडी सूटही मिळते.

वायरलेस सेन्सरमध्ये छोटे सेल असतात. एखादा सेन्सर मधूनच गायब होतो, कधी दार उघडूनही वाजत नाही, असे झाले तर आधी सेल बदला. एकाच वेळी बसवलेल्या सगळ्या सेन्सरचे सेल एकदमच बदलणे शहाणपणाचे.

दाराचा सेन्सर: पाऊस आणि खाडीची हवा

दाराच्या चौकटीवर एक तुकडा आणि दारावर एक लोहचुंबक, असा हा साधा सेन्सर. दार लागले की दोन्ही समोरासमोर येतात. त्यांच्यातले अंतर एक-दीड सेंटिमीटरच्या पुढे गेले की बरेच सेन्सर दार उघडे समजतात.

आता जुलै-ऑगस्टमधले तळवली डोळ्यांसमोर आणा. लाकडी दार दमट हवेने फुगते, चौकटीत नीट बसत नाही, वाऱ्याने थोडे हलते. बिजागऱ्या सैल असतील तर दार खाली झुकते आणि चुंबक दोन-चार मिलिमीटर सरकतो. दिवसा सगळे ठीक, रात्री वारा सुटला की अलार्म! दार लावून हाताने थोडे आत-बाहेर ढकलून पाहा आणि कीपॅडवरचा झोनचा दिवा लुकलुकतो का ते बघा. लुकलुकला तर चुंबकाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी घालून त्याला जवळ आणा किंवा बिजागरी आवळा. दहा मिनिटांचे काम आहे. लोखंडी सेफ्टी डोअरवर मात्र साधा सेन्सर लावू नका. लोखंड चुंबकाची ताकद खाते. त्यासाठी वेगळा, जाड धातूच्या दारासाठीचा सेन्सर मिळतो.

दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. ठाणे खाडी जवळ आहे, आणि तांब्याच्या उघड्या सांध्यांवर तिचा परिणाम झाल्याशिवाय राहत नाही. सेन्सरचे झाकण काढून स्क्रू पाहा. तारेच्या टोकावर हिरवट पूड दिसली तर तो सांधा गंजला आहे, आणि ओल आली की तिथली जोडणी मधूनमधून तुटते. तेवढा तुकडा कापा, तार नव्याने सोला आणि घट्ट बसवा. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेले सांधे गच्चीवर, जिन्यात किंवा खिडकीबाहेर असतील, तर ते सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवून घ्या. टेप एका पावसाळ्यात सुटते.

हालचालीचा सेन्सर काय पाहतो

कोपऱ्यात लावलेला पांढरा सेन्सर, ज्याला तंत्रज्ञ पीआयआर म्हणतात, तो माणूस ओळखत नाही. त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात उष्णतेत झालेला झटपट बदल तो टिपतो. म्हणून या गोष्टी त्याला चकवतात:

- सेन्सरच्या भिंगावरच फिरणारी पाल, कोळी, मुंग्या. खोट्या अलार्मचे हे फार मोठे आणि फार दुर्लक्षित कारण आहे. दर महिन्याला सेन्सर कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि वायर आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवा.
- पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा, खिडकीतून थेट पडणारे ऊन, एसीचा झोत, फ्रिजमागची गरम हवा.
- मांजर. गावठाणातल्या घरांत खिडकीतून मांजर येणे नेहमीचेच. अशा ठिकाणी लहान प्राण्यांना न जुमानणारा सेन्सर लागतो, आणि तोही मांजर कपाटावर चढले तर फसतो.

सेन्सर जमिनीपासून सात-आठ फुटांवर, खिडकीकडे तोंड न करता लावलेला असावा. तो समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर टिपतो, म्हणून दाराच्या बाजूच्या भिंतीवर बसवणे चांगले. काचेपलीकडचे त्याला दिसत नाही. उन्हाळ्यात खोलीचे तापमान शरीराच्या जवळ पोचले की त्याची नजर मंदावते, त्यामुळे मे महिन्यात एकदा चाचणी करायलाच हवी. पॅनेलमध्ये ‘वॉक टेस्ट’ असते. ती लावा आणि खोलीत चोरपावलांनी फिरून दिवा कुठे लागत नाही ते पाहा.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या घरांत खिडकीवर कंपनाचे सेन्सर असतील, तर अवजड गाड्यांनी आणि गणपतीतल्या ढोल-फटाक्यांनी ते वाजतात. त्यांची संवेदनशीलता कमी करण्याचा स्क्रू सेन्सरच्या आतच असतो. तो पाव वळसा फिरवून पाहा, पूर्ण उलटा नको.

फोन का आला नाही?

पॅनेलमध्ये सिम असेल तर आधी त्याचे रिचार्ज पाहा. मुदत संपली की आउटगोइंग थांबते आणि पॅनेल मुकाट्याने गप्प बसते. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड सिमवर सलग ९० दिवस कसलाच वापर झाला नाही आणि खात्यात २० रुपयेही नसतील, तर क्रमांकच बंद होऊ शकतो. वर्षातून एकदाही न वाजलेला अलार्म नेमका याच अवस्थेत सापडतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे पॅक देण्याचा नियम केला. अलार्मच्या सिमला डेटा लागत नसेल तर असाच पॅक घ्या.

स्वस्त पॅनेल फक्त टूजीवर चालतात. जिओचे जाळे ४जी-५जीचे असल्याने त्यांचे सिम अशा पॅनेलमध्ये चालत नाही. नवे पॅनेल घेत असाल तर ४जीचेच घ्या.

वायफायचे पॅनेल असेल तर गेल्या काही दिवसांत राउटर किंवा त्याचा पासवर्ड बदलला का, हे आठवा. बरीच पॅनेल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडली जातात. शिवाय वीज गेली की राउटर बंद, मग पॅनेलची बॅटरी चालू असूनही निरोप जात नाही. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. मोबाइलवर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, नाहीतर सूचना येते पण सकाळी दिसते.

माझे मत स्पष्ट आहे: एकट्या वायफायवर विसंबू नका. सिम आणि वायफाय दोन्ही असलेले पॅनेलच घ्या, आणि शेजारच्या एका विश्वासू घराचा क्रमांक डायलरमध्ये घाला. तुम्ही कोकणात असताना फोन तुम्हाला येऊन काय उपयोग? दार बघायला जाणारा माणूस तळवलीतच हवा.

तंत्रज्ञाच्या दोन आडवाटा

पहिली अशी. प्रत्येक वायर्ड झोनच्या टोकाला, म्हणजे सेन्सरपाशी, एक छोटा रेझिस्टर बसवायचा असतो. त्यामुळे वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर पॅनेलला कळते. वेळ वाचवायला काही जण तो पॅनेलच्या पेटीतच बसवतात. मग ओलीने वायर आपसात चिकटली तर पॅनेलला दार कायम बंदच दिसते आणि ते उघडूनही अलार्म वाजत नाही. काम झाल्यावर विचारा, रेझिस्टर कुठे बसवला ते दाखवा.

दुसरी आडवाट म्हणजे त्रास देणारा झोन ‘बायपास’ करून जाणे. खोटा अलार्म थांबतो, तुम्ही खूश होता, पण ती खिडकी आता पहाऱ्याबाहेर असते. तंत्रज्ञ जाण्यापूर्वी प्रत्येक दार-खिडकी तुमच्यासमोर उघडून झोन लागतो का ते पाहा. त्याच वेळी इन्स्टॉलर कोड मागून घ्या आणि कारखान्याचा मूळ कोड तसाच असेल तर बदलायला सांगा. भाडेकरू, मोलकरीण किंवा तंत्रज्ञ बदलला की तुमचा वापराचा कोडही बदला.

जागांचाही विचार करा. गावठाणात घरे एकमेकांना खेटून आहेत, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाता येते. फक्त मुख्य दारावर सेन्सर लावलेला असतो आणि जिन्याचे दार, संडासाची लूव्हर खिडकी, माळ्याची झडप मोकळी राहते. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरला चोरट्यांनी जवळचा गाळा भाड्याने घेऊन भुयार खणले आणि बँक ऑफ बडोदाच्या शाखेतले लॉकर फोडले. घरात कुणी भुयार खणणार नाही, पण ज्या वाटेचा विचार आपण करत नाही, तीच वाट चोर निवडतो हे मात्र खरे.

गॅसचा सेन्सर वाजला तर खोटा समजू नका

काही घरांत गॅसगळतीचा सेन्सर याच पॅनेलला जोडलेला असतो. डास मारण्याचा फवारा किंवा स्वयंपाकघरातली वाफ यांनीही तो वाजतो, म्हणून लोक त्याकडे कानाडोळा करतात. तसे करू नका. गळती असेल तर कोणतेही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडून फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६, अग्निशमनासाठी १०१. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभरावर हवा. पाइपचा गॅस हलका, म्हणून तो छताजवळ हवा. सिलिंडर सोडून पाइप गॅस घेतलेल्या घरांत सेन्सर जुन्या जागीच राहतो. म्हणून सेन्सरचा प्रकार आणि जागा, दोन्ही पुन्हा तपासा.

शेजारी, पोलीस आणि तुमचे हक्क

हूटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. घर बंद असताना हूटर तासभर वाजत राहिला तर शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. हूटरची वेळ तीन ते पाच मिनिटांवर बसवून घ्या.

विक्रेत्याशी वाद झाला तर:

- पावती, वॉरंटी आणि एएमसीचा करार जपा. एएमसीत वर्षाला किती भेटी, किती तासांत येणार आणि बॅटरी धरली आहे का, हे लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला पुढे किंमत राहत नाही.
- पावती न देणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी व्यवहार आहे. सदोष माल आणि सेवेतली त्रुटी, दोन्हींसाठी दाद मागता येते.
- आधी विक्रेत्याला लेखी किंवा ईमेलने कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. तरीही न सुटल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार करा. ती तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, पण मुदत दोन वर्षांची आहे.
- अलार्म वाजल्यावर सुरक्षारक्षक पाठवतो असे सांगणाऱ्या कंपनीकडे खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ खालचा परवाना आहे का, ते विचारा.

चोरी झालीच तर कशालाही हात न लावता ११२ ला कळवा. एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळाली पाहिजे. विम्याच्या दाव्याला ती लागतेच. आणि विम्याची एक गोष्ट आजच पाहा: ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आगीसारख्या संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी फक्त अशा संकटानंतर सात दिवसांत, त्याच कारणाने झाली तर धरली जाते. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

गावी निघण्याआधी

गणपतीला, मे महिन्यात घर आठ-दहा दिवस बंद राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी, निघताना घाईत नव्हे, एवढे करा: वीज बंद करून बॅटरीवर हूटर वाजवून पाहा, मोबाइलवर फोन येतो का पाहा, सिमची मुदत परतीच्या तारखेपुढची आहे याची खात्री करा. मुख्य स्विच बंद करू नका; बाकीचे एमसीबी बंद करा आणि पॅनेल व राउटरचा चालू ठेवा. बरीच घरे इथेच चुकतात. शेजाऱ्यांना कोड देणार असाल तर वेगळा तात्पुरता कोड द्या आणि परतल्यावर तो काढून टाका. दागिने अलार्मच्या भरवशावर कपाटात सोडू नका, बँकेत ठेवा. आणि आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला घर बंद असल्याचे कळवून जा.